पडवीतल्या कॅमेऱ्याची तारीख

मेडशी,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. सुप्रिया,

आशीर्वाद. मायना लिहिण्यातच दोन कागद वाया गेले. इतकी वर्षे शाळेत मी मुलांना पत्रलेखन शिकवले. परंतु अभ्यासक्रमात 'वडिलांस पत्र' हा नमुना होता, 'मुलीस पत्र' हा नव्हता. त्यामुळे काही चुकल्यास समजून घ्यावे.

पत्रास कारण, तू आईला पाठवलेला तो लहानसा संगणक. पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पाटी, तिला जोडलेला कॅमेरा, आणि हे सर्व तिने चटणीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलेले. म्हणून ती त्याला 'डबी' म्हणे. वांग्यामिरचीची रोपे ट्रेमध्ये वर आली की कोणीतरी ती कुरतडून जाते, तो चोर तिला पकडायचा होता. मागच्या पडवीत फळीवर डबी ठेवली, की समोर काहीही हलले तर ती फोटो काढते, असे तिने मला समजावून सांगितले होते. मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत होतो.

तिच्या पश्चात तिच्या वस्तूंची व्यवस्था लागली. साड्या तुझ्या तुळसाआत्याने, म्हणजे आमच्या आक्कांनी, भाचीसुनांत वाटल्या. आक्का तेव्हापासून येथेच राहतात. मला चहासुद्धा करता येत नाही असे त्यांचे मत आहे. डबीचे काय करावे, हे मात्र कोणीच सांगू शकले नाही. वस्तू तुझी, की आईची, की आता माझी? तिच्यातला तांबडा दिवा रात्रंदिवस जळत असतो. परत हवी असल्यास नीट गुंडाळून पाठवीन. बंद करायची असल्यास कशी करावी? नुसती पिन उपटू नये, कार्ड खराब होते, असे तू नेटवर टाकतेस त्या व्हिडिओंपैकी एका धड्यात म्हणतेस. (धडा मी केवळ याच कारणासाठी पाहिला.)

दुसरी गोष्ट. तिसऱ्या दिवशी राख सावडून तू व श्री. करण तडक हैदराबादला निघून गेलात. घरात पाहुण्यांची गर्दी होती, न्हाणी एकच. श्री. करण यांची गैरसोय होऊ नये, म्हणून मी येथून जवळच मालेगावला लॉजवर तुमच्यासाठी स्वतंत्र खोली घेतली होती आणि तेथे सकाळी गरम पाणी मिळते, याचीही खातरजमा केली होती. पत्ता लिहिलेली चिठ्ठी तुझ्या हाती दिली, तेव्हा तू "समजलं, बाबा" एवढेच म्हणालीस. तुला काय समजले, ते मला आजवर समजलेले नाही. तुमच्या विवाहास माझा तत्त्वतः विरोध कधीही नव्हता. तो नोंदणी झाल्यावर मला फोनवरच्या संदेशाने कळला, यास होता. निदान तसे मी समजत आलो आहे.

आणखी एक गोष्ट कळवणे कर्तव्य समजतो. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, पडवीत तिला जेथे अखेरचे निजवले होते तेथे, रीतीप्रमाणे पीठ पसरून मध्ये दिवा ठेवला आणि वर टोपले पालथे घातले. गेलेला जीव कोणत्या जन्माला जातो, ते सकाळी पिठावरच्या खुणेवरून कळते, असे मानतात. सकाळी सर्वांसमक्ष आक्कांनी टोपले उचलले. पिठावर तान्ह्या मुलाचे इवलेसे पाऊल होते. बाया रडू लागल्या. आक्का म्हणाल्या, "संगी माघारी येऊन राह्यली. लेकीच्याच पोटी येते, पाहा तुमी." तुला दिवस गेले आहेत, हे मला त्या वाक्यावरून कळले.

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पाऊल मात्र मी पाहिले.

तुझे वडील,
गुलाबराव


मेडशी,
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रिया,

तुझा संदेश पोचला. "डबी तिथंच राहू द्या. बंद करू नका." आक्कांशी मात्र तू पुष्कळ वेळ बोललीस. मी समोर बसलो होतो, त्यामुळे एक बाजू ऐकली. "बाप बोलवत नाही म्हून माहेर काय बुजलं काय? मी हाव ना. पाऊल निंगालं वं बाई पिठावर, पाची बोटं, अस्सं लोन्यावानी. तुई माय तुयाकडंच येते, मंग तू तिले हैदराबादच्या फ्लॅटात बोलवतं का आपल्या घरी?" फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितले, की तू बाळंतपणाला मेडशीला येण्याचे कबूल केले आहेस. आई तिथे येणार असेल तर मीही तिथेच येते, असे तू म्हणालीस. हे वाचून मला आनंद झाला, असे लिहिल्यास ते औपचारिक वाटेल. आणि हे मी वाचलेले नसून ऐकलेले आहे. असो.

डबी बंद करायची नसल्यास ती समजून तरी घ्यावी, म्हणून मी तुझे धडे क्रमाने पाहू लागलो आहे. प्रथमच सांगतो, तुझी भाषा मला धक्का देणारी वाटली. तू पदवीधर अभियंता आहेस. तरीही पहिल्याच धड्यात, "काहून घाबरता बाप्पा? पाच व्होल्टनं कोनी मरत नाही, अन् मेलं तर मले सांगा." खाली लोकांनी हसण्याची चिन्हे टाकली आहेत. एका कारंजाच्या गृहस्थाने लिहिले आहे, की ताई, तुमच्यामुळे मला प्रथमच हा विषय आपला वाटला. आई तुझ्या प्रत्येक धड्याला खाली अंगठा देत असे, हेही मला तेथेच कळले. तिचा फोटो दिसतो. मेथीच्या वाफ्यात उभी आहे.

पहिला धडा यशस्वी झाला. त्यासाठी अकोल्याहून दोन रुपयांचे ते लहान दिवे व तारा आणल्या. संपूर्ण दुपार बसून दिवा पेटवला. लांब तारेचे टोक कुठे आणि आखूड कुठे, यात मी दोनदा चुकलो. पेटल्यावर आक्कांना बोलावले. त्या डाळ निवडत होत्या, उठून आल्या, पाहिले आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी सारा दिवस बसला व्हय? देवापाशी काडी ओढली अस्ती तं कवाच पेटला अस्ता."

चौथ्या धड्यात अडचण आली. डबी पुसण्यासाठी कॅमेऱ्याची पट्टी काढली, ती परत बसवताना निळी बाजू कुठे हे आठवेना. उलटी बसली. टीव्हीला जोडून पाहिले तर सर्वत्र काळोख. तुझा धडा थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहिला. "जोर नका लावू. थे काही बैल नोहे. काळी क्लिप नखानं उचला, पट्टी सरकवा, क्लिप बसवा." तसे केले. टीव्हीवर एकदम एक प्रचंड नाक व चष्मा आला. तो मीच होतो.

आता प्रश्न. घराबाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणे मी बंद करतो, हे तुला ठाऊक आहे. आईला अकोल्याला नेले त्या सकाळीही, म्हणजे २७ नोव्हेंबरला, मी ती बंद केली होती. गाडी दारात होती, आक्का आत बसून मला हाका मारत होत्या, तरी मी पडवीपर्यंत जाऊन बटणे पाहून आलो. डबी तेव्हा रीतसर बंद न करता तशीच विझली असणार. त्याने तिचे काही बिघडले असेल का? ती सवय चांगली की वाईट, हे त्या दिवसापासून मला ठरवता येत नाही.

रोपांना पाणी घालतो. वांगी तग धरून आहेत.

तुझे वडील,
गुलाबराव


मेडशी,
दि. १९ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रिया,

आज तांत्रिक स्वरूपाची एक शंका विचारण्यासाठी लिहीत आहे. कृपया तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहावे.

नवव्या धड्याप्रमाणे मी डबी टीव्हीला जोडून आतील छायाचित्रांचा कप्पा उघडला. आईच्या फोनचे रिचार्ज संपल्यापासून डबीला नेट नव्हते. ते माझ्या फोनवरून दिले. छायाचित्रे पुष्कळ आहेत. रोपे कुरतडणारी खार आहे, तेव्हा चोर सापडला असे म्हणता येईल. एक पाल आहे, शेजारच्या लखीरामचे मांजर आहे. बाकी जवळजवळ सगळी छायाचित्रे तुझ्या आईची आहेत. पदराचा काठ, झारी धरलेला हात, वाकलेली पाठ, ओले केस. चोरासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात घरधनीणच सापडत राहिली. एकात ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन त्याला काहीतरी विचारते आहे. बहुधा "चालू हायस का रे बाबा?" असे. ती यंत्रांशीही बोलत असे.

एका छायाचित्रात मी आहे. दारात, हातात कप, ती पाठमोरी. माझे तोंड उघडे आहे, म्हणजे मी तिला काही सांगत होतो. काय, ते आठवत नाही. छायाचित्र मोठे करून पाहिले. त्यावरूनही कळत नाही.

आता शंका. प्रत्येक छायाचित्राच्या नावातच तारीख आणि वेळ असते. कप्प्याच्या शेवटी एक छायाचित्र आहे, ज्यात जमिनीवर पीठ पसरलेले दिसते, मध्ये जळता दिवा, आणि बाजूला उचलून ठेवलेले टोपले. तारीख २७ नोव्हेंबर. वेळ रात्रीची.

२७ नोव्हेंबरला तुझी आई जिवंत होती. त्या रात्री मी अकोल्याला दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसलो होतो. आक्का माझ्याजवळ होत्या. घराला कुलूप होते आणि किल्ली माझ्या खिशात. आई गेली १ डिसेंबरला. मग तिच्या नावाचे पीठ तिच्या आधीच येथे कोणी पसरले?

डबीचे घड्याळ चुकीचे असावे, हे मलाही प्रथम सुचले. म्हणून ते माझ्या मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहिले. मिनिटाचाही फरक नाही. जुनी छायाचित्रेही बरोबर आहेत. दिवाळीच्या दिवशीच्या छायाचित्रात पडवीत पणत्या दिसतात.

मी इतिहास शिकवला. ज्या कागदाची तारीख जुळत नाही तो खोटा समजावा, असे मुलांना सांगत आलो. येथे कागद खोटा नाही, यंत्र खोटे बोलत नाही, आणि मीही त्या रात्री कुठे होतो ते मला चांगले ठाऊक आहे.

छायाचित्रात पिठाशिवाय आणखी एक गोष्ट आहे. त्याविषयी लिहावे की नाही, याचा विचार करून हे पत्र एक दिवस तसेच ठेवले. लिहितो. एक हात आहे. बाईचा. कोपरापर्यंतच दिसतो, अंधूक, आणि त्याची मूठ पिठावर टेकलेली आहे. हातात बांगड्या नाहीत. दवाखान्यात आत नेण्यापूर्वी परिचारिकेने तुझ्या आईच्या बांगड्या उतरवून माझ्या हातात दिल्या होत्या. यापुढे मी काही लिहीत नाही.

आक्कांना अजून दाखवलेले नाही. त्यांना एवढेच विचारले, की पीठ पसरण्याचा विधी आजारी माणूस जिवंत असताना कधी करतात का? त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

तरी तांत्रिक खुलासा करावा.

तुझे वडील,
गुलाबराव


मेडशी,
दि. ६ मार्च २०२५

चि. सुप्रिया,

पत्राचे उत्तर म्हणून तू पत्र लिहिले नाहीस, धडा टाकलास. 'डबीचं घड्याळ'. एवढ्या लोकांसमोर तू माझ्याशी बोलते आहेस हे मला प्रथम कळलेच नाही. तुझे वाक्य येथे जसेच्या तसे उतरवतो:

"या बिचाऱ्याजवळ घड्याळ हाय, पन घड्याळाचा सेल नाही. बटन बंद केलं का हा झोपते. मंग चार दिवसानं उठवा, का महिन्यानं उठवा, त्याले वाटते आपला आत्ताच डोळा लागला होता. जिथं झोपला तिथूनच पुढं मोजते. मदातला सारा येळ त्याच्यासाठी झालाच नाही. मंग कवा नेट भेटलं, का कोनाले तरी इचारते, किती वाजले बाप्पा, अन् काटा पुढं सारते. म्हून काही काही बाबा लोकाईनं बटनं बंद कराच्या आंधी इचार करावं."

हे मी अनेकदा ऐकले. त्यातले व्याकरण तपासले नाही.

तेव्हा उलगडा असा. २७ तारखेच्या सकाळी मी बटणे बंद केली, तेथे डबी झोपली. नंतर थेट दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, टोपले पालथे घालून झाल्यावर, आक्का पडवीतला बल्ब लावायला गेल्या. बल्बचे बटण कोणते हे ठाऊक नसल्याने त्यांनी सगळीच दाबली. डबी उठली आणि तिच्या हिशेबाने ती अजून २७ तारखेची सकाळ होती. आई नुकतीच गाडीत बसली होती. त्यापुढे रात्रीपर्यंत जेवढे तास होतात, तेवढेच संध्याकाळपासून दहाव्याच्या पहाटेपर्यंत. म्हणजे छायाचित्र त्या पहाटेचे आहे. टोपले उचलल्यावर दिव्याचा उजेड हलला, म्हणून कॅमेऱ्याने ते टिपले. नंतर सकाळच्या गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून डबीचे तोंड भिंतीकडे वळले असणार, म्हणून त्यापुढचे काही टिपले गेले नाही. त्या पहाटे पडवीत दिव्याच्या राखणीला एकच व्यक्ती निजली होती. तिच्या हातातही बांगड्या नसतात.

मी आक्कांना बोलावले. त्या मेथी निवडत होत्या, जुडी घेऊनच आल्या. टीव्हीवर ते छायाचित्र लावले होते. पुढील संभाषण तुला कळवणे आवश्यक आहे.

"आक्का, हा हात कोणाचा?"

"मायाच हाय. कोनाचा असन?" असे म्हणून त्या टीव्हीजवळ गेल्या. "काऊन बा, मी टीव्हीत कशी गेलो?"

"आपण पिठावर मूठ उमटवलीत."

"मंग? दरसाल महालक्ष्म्या येतात तवा दारापासून देवघरापत्तोर पावलं कोन काढते? मीच काढतो ना, याच मुठीनं. पाची बोटं टेकवून देल्ली का झालं पाऊल. तवा तं तू काही इचारत नाही."

"ही फसवणूक आहे."

यावर त्यांनी मेथीची जुडी टीव्हीवर ठेवली. "फसवनूक! अन् तू काय करून राह्यला होता रे? माय मेलेली, पोरगी पोटुशी, दारात उभी, अन् तू तिच्या हातात लॉजची चिठ्ठी देते! गरम पानी भेटते म्हने! पोरगी काय परीक्षेचा साहेब होती का, तिची सोय पाहाले?"

"त्यांची गैरसोय होऊ नये, हाच माझा..."

"तुया तोंडातून 'ये' निंगत नव्हतं. संगी अस्ती तं तिनं बोलावलं अस्तं. संगी नाही, तू मुका. मंग कोनं बोलवाव तिले? या चटनीच्या डब्यानं?"

मी म्हणालो, की आता सुप्रियाला सत्य कळवावे लागेल.

"कळव. लय कळव. ते नाही येनार, मंग दोघं भाऊ-बहीन बसू टीव्हीवर माया हात पाहात."

तर, सुप्रिया, कळवतो. ते पाऊल आक्कांच्या मुठीचे आहे. तुझी आई तुझ्या पोटी येत आहे, याला माझ्याजवळ कोणताही पुरावा नाही. छायाचित्र जोडले आहे. अकोल्याच्या स्टुडिओतून त्याची प्रत काढून आणली.

लॉजच्या बाबतीतही आक्का म्हणतात ते तुलाही वाटले होते का? मी सोय केली आणि त्याचा अर्थ हाकलणे असा झाला, हे मला आजच प्रथम सुचवण्यात आले. अजून नीट पटत नाही. पण लॉजची खोली मी ज्या काळजीने निवडली, त्या काळजीने मी तुला बस म्हणालो होतो का, हे आठवून पाहिले. तेही आठवत नाही.

हे पत्र वाचून तू येण्याचे रद्द करशील, अशी शक्यता मला दिसते. आक्कांच्या मते ती खात्री आहे. पत्र टपालात पडू नये म्हणून त्यांनी माझ्या चपला लपवल्या आहेत. मी त्यांच्या घालून जात आहे.

खोट्या पावलाच्या भरवशावर तू येऊ नयेस. परंतु यावेस. या दोन वाक्यांत विसंगती आहे किंवा कसे, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही मला हवी आहेत, म्हणून दोन्ही ठेवली.

तुझे वडील,
गुलाबराव


मेडशी,
दि. २३ मार्च २०२५

चि. सुप्रिया,

पत्र मिळाल्यावर तू काहीच कळवले नाहीस. नवा धडाही आला नाही. मी रोज पाहत होतो. आक्का माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढून त्या भिंतीला सांगत, "जेवन झालं म्हना." मी भिंतीला "येतो" म्हणत असे. जुने धडे पुन्हा पाहिले. चौदाव्यात तुझ्या मागे खिडकीत श्री. करण पोळ्या लाटताना दिसतात, हे या वेळी ध्यानात आले. चांगल्या गोल होत्या.

काल तुझा फोन आला. जे बोलणे झाले ते येथे लिहून ठेवतो, कारण बोलताना मला ते नीट कळले नाही. कुठे चुकल्यास दुरुस्त करावे.

तू म्हणालीस, "बाबा, मले वाटलंच होतं. आत्या फोनवर पाची बोटं सांगून राह्यली होती ना, तवाच वाटलं. लहानपणी महालक्ष्मीची पावलं मी तिच्या मांडीवर बसून शिकली."

मी विचारले, "मग तू येण्याचे कबूल का केलेस?"

"वाटलं होतं. पण वाटू नाही दिलं."

हे मला काल कळले नाही आणि आजही कळलेले नाही. त्यानंतर मला वाटले फोन बंद पडला. मी कानाचा काढून पाहिला, तर चालू होता, आणि तू रडत होतीस. पुन्हा कानाला लावला. अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत नव्हते. म्हणून मी सांगितले, की वांग्याची रोपे वाफ्यात लावली आणि बहुतेक जगली. तू "हो का" म्हणालीस. मग मी विचारले, "तर आता येशील की नाही?"

"तुमी बोलावता का?"

"पत्रात स्पष्ट लिहिले आहे."

"पत्र वाचलं मी. तुमी बोला."

मी म्हणालो. तू म्हणालीस, "ऐकू नाही आलं. रेंज नाही वाटते." मी पडवीतून अंगणात आलो आणि पुन्हा म्हणालो. तू म्हणालीस, "अजून नाही, बाबा." मी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन मोठ्याने म्हणालो, "ये! सुप्रिया, ये!" लखीराम बैल घेऊन चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, "कोनाले बोलावता गुर्जी? मी तं आलोच होतो." तेव्हा तू हसलीस, आणि मला कळले की रेंज पहिल्यापासून होती. ही गोष्ट मात्र मला पूर्णपणे कळली.

नंतर तू फोन तुझ्या यजमानांना दिलास. त्यांनी नमस्कार केला. मी प्रथमच 'श्री.' न लावता, "करण, तूही ये, तुझी व्यवस्था पुढच्या खोलीत आहे," असे म्हणालो. मागे उभ्या आक्कांनी कपाळावर हात मारला. "जवायाले नावानं हाक मारते काय रे? अरेतुरे करते?" म्हणजे येथेही चूक झाली. करणला राग आला असल्यास त्याचे गैरसमज दूर करावेत. आला नसल्यास मी त्याला करणच म्हणणार आहे. एवढ्या वर्षांत मी त्याला बरोबर असे काहीच म्हणालो नव्हतो.

आक्का आता बोलतात. किंबहुना थांबत नाहीत. डिंक आणला, खारका फोडल्या, पाळण्यासाठी सुताराला दोनदा बोलावून दोनदा परत पाठवले. पोटी कोण येणार, यावर त्यांचे मत बदललेले नाही. "मूठ माई होती, पन येनारं कोन हाय हे तुले का माईत?" असे त्या मला विचारतात. मी वाद घातला नाही. मला माहीत नाही, हे खरेच आहे.

एक गोष्ट फोनवर विचारायची राहिली. एप्रिलच्या मध्यात येतो म्हणालात. पण उतरणार कुठे? हैदराबादकडून येणारी गाडी वाशीमलाही थांबते आणि अकोल्यालाही, आणि मेडशी पडते मधोमध. वाशीमला जिने कमी आहेत. अकोल्याला वाहने अधिक मिळतात. तुझ्या अवस्थेत कोणते बरे, याचा मी पुष्कळ विचार केला आणि दोन्ही बाजू मला सारख्याच पटतात. मी दोन्ही स्थानकांवर एकाच वेळी उभा राहू शकत नाही. न कळवल्यास आक्का वाशीमला आणि मी अकोल्याला, असे आमचे ठरले आहे. परंतु मग तुम्ही ऐनवेळी एसटीने आलात, तर घरी कोणीच नसेल. तसे झाल्यास दाराला कुलूप लावणार नाही, नुसती कडी असेल. ती जरा वर उचलून ओढावी लागते, नाहीतर अडकते. तेवढे करणला सांगून ठेव.

तुझे बाबा